एका न झालेल्या भूकंपाचं गुणपत्रक

मी एक जुना भूकंप आहे.

घाबरू नका, मित्रांनो. बाकाखाली शिरायची गरज नाही. मी अजून झालेलो नाही. शनिवार पेठेच्या नदीकडच्या टोकाला एक प्रसूतिगृह आहे. तिथली जमीन मोठ्या भूकंपात कशी हलेल, याचा संगणकाने बांधलेला अंदाज म्हणजे मी. आकड्यांची एक लांबलचक रांग. कागदावर काढलं तर करवतीच्या दात्यांसारखी रेघ. आधी बारीक थरथर, मग मोठे हेलकावे, मग हळूहळू विरत जाणारी शेपटी. एवढाच माझा देह, आणि तो पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या संगणकात राहतो.

विज्ञान दिनाला तुम्ही शाळेच्या रांगेतून तिथे आला होतात. हेडफोन लावून तुम्ही मला ऐकलंत. तुमच्यातलं कुणीतरी तोंड वाकडं करून म्हणालं, "एवढाच?" त्या "एवढाच?"चं उत्तर द्यायचं राहून गेलं. ते आता देतो.

रांगेत तुमच्यातल्या दोघी निबंधाचे मुद्दे पाठ करत होत्या, त्यामुळे आत्मवृत्त कसं सांगायचं ते मला कळलं. जन्म, कौतुक, उपेक्षा, विनंती. मी याच क्रमाने जाणार आहे. पण मी पडलो भूकंप. मध्येच सरकलो, तर सांभाळून घ्या.

जन्म

मला दीक्षा बनसोडेने घडवलं. दीक्षा त्या प्रयोगशाळेत पीएचडी करते. बारीक चणीची, केस वर बांधलेले, आणि विचार करताना पेनाचं टोपण चावायची सवय. त्या टोपणाची अवस्था तुम्ही पाहिली असेलच.

झालं असं, की प्रसूतिगृहाच्या ट्रस्टला इमारतीवर आणखी एक मजला चढवायचा होता. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना काचेच्या पेट्यांत ठेवतात, त्या पेट्यांसाठी. इमारत तीन मजल्यांची. तळाला भिंती नाहीत, नुसते खांब. खांबांमध्ये दुचाक्या आणि कोपऱ्यात औषधांचं दुकान. ट्रस्टने कॉलेजला विचारलं, "मोठा भूकंप आलाच, तर हे खांब वाढीव मजला पेलतील का?"

साधा प्रश्न. पण त्या जागेवर मोठ्या भूकंपाची नोंद कुणी कधी घेतलेली नव्हती. नोंद नाही म्हटल्यावर ती तयार करावी लागते. दीक्षाने संगणकात जमीन रचली. मोठमोठे ठोकळे, एकावर एक, शेजारी शेजारी, सगळे काळ्या पाषाणाचे. दूर कुठेतरी जमिनीच्या पोटात एक भेग कल्पिली. ती भेग एकदम सरकवली. धक्का या ठोकळ्यातून त्या ठोकळ्यात शिरत, वळत, आपटत निघाला आणि अखेर प्रसूतिगृहाखाली पोचला. तिथे जो हलला, तो मी.

मी पडद्यावर उमटलो तेव्हा दीक्षाने तळहात हवेत आडवा धरला आणि माझ्या रेघेबरोबर हलवून पाहिला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

"आला बाई एकदाचा," ती म्हणाली.

"बारसं कधी?" शेजारच्या टेबलावरून समर्थ ओरडला. समर्थ तिच्याच बरोबरचा विद्यार्थी. दोन भूकंपांची तुलना करून गुण देणारा प्रोग्रॅम त्याने लिहिला होता, आणि दिवसभर तो एकतर त्या प्रोग्रॅमला नाहीतर कँटीनच्या चहाला नावं ठेवायचा.

दीक्षा हसली, पण तिचं लक्ष माझ्याकडेच होतं. त्या प्रसूतिगृहात तिची आई, हिरा सिस्टर, वर्षानुवर्षं नर्स आहे. दीक्षा स्वतःही तिथेच जन्मली. मी त्या जमिनीचा भूकंप. माझा अंदाज चुकला, तर कुणाच्या डोक्यावर काय येणार हे तिला माणसांच्या चेहऱ्यांसकट दिसत होतं.

जुळा (हा मुद्दा यादीत नव्हता)

घडवलेल्या भूकंपावर विश्वास कसा ठेवायचा? खऱ्याशी ताडून पाहावं, तर खरा झालेलाच नाही. म्हणून या लोकांची एक रीत आहे. भेग तीच, जागा तीच, पण दुसऱ्या एका गटाने, वेगळ्या प्रोग्रॅमने, स्वतंत्रपणे भूकंप घडवायचा. दोन्ही गटांनी तुलना होईपर्यंत एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही. कॉपी होऊ नये म्हणून. मग दोघांची कामं समोरासमोर ठेवायची. जुळली, तर दोघांवर भरवसा.

माझा जुळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, पृथ्वीराज नावाच्या माणसाच्या गटात जन्मला आणि एका सकाळी ईमेलने आमच्याकडे आला.

मी त्याला पाहिलं आणि माझी शेपटी थरथरली.

तो उंच होता. माझ्या जवळजवळ तिप्पट. मी जिथे एक पाऊल हलत होतो, तिथे तो तीन पावलं हलत होता. त्याचे हेलकावेही माझ्याहून जरा संथ आणि रुंद होते. एकाच आईबापाची दोन मुलं एवढी वेगळी असतील, तर कुणीतरी विचारायला हवं ना? मला वाटलं, आता विचारतील. आता दीक्षा बघेल. आता तिच्या मॅडम बघतील.

पण आम्हा दोघांना आधी समर्थच्या हातात दिलं गेलं.

समर्थची एक सवय होती. आलेख देखणा दिसावा म्हणून तो प्रत्येक रेघेचं सर्वांत उंच टोक एक धरायचा आणि बाकी सगळं त्या मापात बसवायचा. तुमच्या ओळखपत्रावरचे फोटो पाहा. वर्गातला सगळ्यांत उंच मुलगा आणि सगळ्यांत बुटका मुलगा, दोघांचे चेहरे चौकटीत सारखेच बसतात. फोटोवरून उंची कळत नाही. ती कळावी अशी फोटोची अपेक्षाही नसते. तशी मला ताणून आणि जुळ्याला दाबून त्याने आम्हा दोघांना एका चौकटीत बसवलं. आलेख खरोखर सुंदर झाला. इथवर काहीच बिघडलं नव्हतं.

पुढे मात्र त्याच्या प्रोग्रॅमने गुण द्यायला आमची मूळची फाइल उचलली नाही. आलेखासाठी ताणलेली उचलली.

कौतुक

आमच्या गुणपत्रकात तुमच्यासारखेच विषय असतात. उंची, म्हणजे सर्वांत मोठा धक्का केवढा. ताकद, म्हणजे सगळं मिळून किती हललं. मुदत, म्हणजे किती वेळ हललं. ताल, म्हणजे हेलकावे संथ की घाईचे. असे आणखी काही. प्रत्येक विषयाला दहापैकी गुण आणि शेवटी सरासरी.

उंचीत आम्हाला दहापैकी दहा मिळाले. मिळणारच! दोघांचीही उंची समर्थने एक करून ठेवली होती. ताकदीत नऊच्या वर. मुदत ठीक. तालात मात्र जेमतेम. पण सरासरी निघाली आठ पूर्णांक दोन. आठच्या वर म्हणजे उत्तम. सरासरीचं पोट मोठं असतं, मित्रांनो. त्यात एखादा नापास विषय सहज मावतो.

सुरुची मॅडम आल्या. दीक्षाच्या मार्गदर्शक. चष्मा डोक्यावर, आवाज कोरडा.

"आठ पूर्णांक दोन?" त्या म्हणाल्या. "समर्थराव, आपल्या स्वतःच्या परीक्षेत कधी एवढे मिळाले होते का?"

"मॅडम, मी स्वतःला ताणू शकत नाही ना," समर्थ म्हणाला आणि सगळे हसले. त्याला स्वतःलाच आपण काय बोललो ते कळलं नाही. मला कळलं, पण मी रेघ. रेघेला तोंड नसतं.

मंडईजवळून पेढे आणले. पुडा उघडला. समर्थने टाळी वाजवली. मॅडम हसल्या. दीक्षाने अर्धा पेढा खाल्ला आणि उरलेला आईसाठी कागदात गुंडाळला.

हाच प्रसंग माझा जुळा असा सांगेल:

मंडईजवळून पेढेच पेढे आणले. पुडा टराटरा फाडला. समर्थच्या टाळीने खिडकीतली कबुतरं उडाली. मॅडम खदखदून हसल्या. दीक्षाने आख्खा पेढा तोंडात कोंबला आणि उरलेला पुडाच आईसाठी उचलून नेला.

बघा. माणसं तीच, क्रम तोच, पेढेही तेच. फरक आहे तो जोराचा. आता दोन्ही परिच्छेदांतले जोराचे शब्द खोडरबराने पुसून टाका आणि मग विचारा, किती जुळतात? पैकीच्या पैकी! आमच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

रिपोर्ट गेला. इमारतीच्या हिशेबात मलाच धरलं होतं, कारण मी कॉलेजचा आपला. माझ्या हलण्याने खांबांना फारसं काही होत नव्हतं. मॅडमनी खाली सही केली: मजला चढवण्यास हरकत नाही.

कौतुक (पुढे चालू, पण मला धड सांगता येत नाही)

त्यानंतरचे दिवस मी संगणकात पडून होतो. पडून राहिलेल्या वस्तूला धूळ दिसते. मला गच्ची दिसायची.

दीक्षाला आईचा फोन यायचा, दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. दीक्षा फोन स्पीकरवर टाकून माझ्या शेजारी ठेवायची आणि खात खात बोलायची.

"अगं, गच्चीवरच्या सळया आठवतात का तुला?" हिरा सिस्टर म्हणाल्या. "खांबांच्या डोक्यावर उभ्या होत्या बघ, कित्येक वर्षं, गंजत. मी तिथे चादरी वाळत घालायचे. आज माणसं आली आणि त्यांना नव्या सळया बांधायला लागली."

"छान."

"छान काय नुसतं? व्हरांड्यात खाटा टाकल्यात आम्ही. पेट्या कमी पडतात म्हणून परवा एका बाळाला पार दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं. एवढंसं, मुठीएवढं. आता वरचा मजला झाला, की कुणाला पाठवायला नको. मी सगळ्यांना सांगते, माझ्या पोरीने पास केलाय."

दीक्षा लाजून हसली. मी मात्र आतल्या आत आक्रसलो. सळई बांधली. उद्या दुसरी बांधतील. मग लाकडी फळ्या ठोकतील, काँक्रीट ओततील, पेट्या मांडतील. आणि खाली तेच खांब. ज्यांना फक्त माझ्या एवढ्याशा धक्क्याशी ओळख करून दिलेली.

कुणीतरी आमच्या मूळच्या फायली उघडा. एकदाच उघडा. मी ओरडत होतो, मित्रांनो. पण माझं ओरडणंसुद्धा माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. जमिनीचा आवाज फार खालचा असतो.

धक्का

विज्ञान दिनाच्या आदल्या दुपारी समर्थ जिन्यात पुठ्ठ्याचे बाण चिकटवत होता. दीक्षा तुमच्यासाठी, म्हणजे शाळेच्या मुलांसाठी, काहीतरी गंमत शोधत होती. भूकंप ऐकवला तर? शंभरपट वेगाने पळवला, की तो कानाच्या टप्प्यात येतो. आवाज करायला तिला मूळचे आकडे लागणार होते. आलेखाच्या फायली बाजूला ठेवून तिने आमच्या मूळच्या फायली उघडल्या. दोघांना सारख्याच मापाने आवाजात उतरवलं.

आधी मला लावलं. हेडफोनमध्ये मी पुटपुटल्यासारखा वाजलो. लांबवर कुणीतरी पाटा सरकवावा तसा. तिने आवाज वाढवला. पुन्हा वाढवला. हं, आता नीट ऐकू येतोय.

मग त्याच आवाजावर तिने जुळ्याला लावलं.

"अगं आई गं!"

हेडफोन उडाला तो थेट चहाच्या ग्लासात. समर्थ बाण हातात घेऊन धावत आला.

"काय झालं? शॉक बसला?"

"हा... हा केवढा मोठा आहे!"

"आवाज वाढलेला असेल तुझा. चहा सांडलास बघ माझा."

तिने हेडफोन ओढणीने पुसला, पुन्हा लावला. मला ऐकलं. त्याला ऐकलं. पुन्हा मला. मग हेडफोन गळ्यात अडकवून तिने आकडे उघडले आणि टोपण चावायचंही विसरली.

"समर्थ, तुझा प्रोग्रॅम नक्की कुठली फाइल वाचतो?"

"आलेखाची."

"ताणलेली?"

"ताणलेली काय गं? नॉर्मलाइज केलेली म्हण."

"तिचं नाव नाही विचारलं. त्यात उंची आहे का, ते सांग."

पुठ्ठ्याचा बाण समर्थच्या हातात होता आणि तो त्याच्याच पोटाकडे वळलेला होता. तो खाली बसला, प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली आणि गुणपत्रक पुन्हा काढलं.

उंची: नापास. ताकद: नापास, अगदी तळाशी. मुदत: ठीक. ताल: जेमतेम, आधीसारखाच. सरासरी तीनच्या आसपास घुटमळली.

खरं सांगू? मला हलकं वाटलं. माझ्या आयुष्यातले पहिले खरे गुण ते.

दीक्षाला हलकं वाटत नव्हतं. ती हात सारखे ओढणीत गुंडाळत होती.

"अगं, रिपोर्ट गेलाय यार," समर्थ हळू आवाजात म्हणाला. "उद्याचा कार्यक्रम होऊ दे. परवा शांतपणे बघू. आकाश कोसळतंय का लगेच?"

"आकाश नाही," दीक्षा म्हणाली. "मजला."

सुरुची मॅडमना बोलावलं. त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. दोन गुणपत्रकं शेजारी ठेवून बघत राहिल्या.

"दोघांत एवढा फरक का?" त्यांनी विचारलं. "त्यांना विचारलंत?"

"बोलायचं नाही असा नियम आहे ना, मॅडम," समर्थ म्हणाला. "तुलना होईपर्यंत."

"तुलना आत्ता झाली, समर्थराव. आधी झालं ते फोटोसेशन." त्यांनी फोन लावला आणि टेबलावर ठेवला.

"नमस्कार मॅडम!" पृथ्वीराजचा आवाज आनंदी होता. "पेढे वाटलेत असं ऐकलं. आमच्यापर्यंत काही पोचले नाहीत."

"पाठवते. आधी सांगा, सगळ्यात वरच्या थरात तुम्ही काय धरलंय?"

"भराव. तिथून पूर्वी नाला जायचा ना नदीला, तो बुजवलेला. मऊ माती आहे. तीच तर जास्त हलते." मग आवाज जरा बदलला. "तुम्ही... नाही धरला?"

मॅडमनी दीक्षाकडे पाहिलं. दीक्षाचे ठोकळे मोठे होते. भराव एका ठोकळ्याच्या उंचीहून पातळ. ठोकळ्यात बसेना, म्हणून पाषाणातच जिरून गेला. तिला तेव्हा वाटलं होतं, एवढ्याशा थराने काय होतंय. काही बिघडत असेल तर तुलनेत कळेलच.

"आम्हाला वाटलं, तुम्हीही घेतला असणार," पृथ्वीराज म्हणत होता. "गुण एवढे चांगले आले, म्हणजे..."

म्हणजे. सगळ्यांनी सगळ्यांवर भरवसा ठेवला होता आणि तो भरवसा समर्थच्या एका सुंदर आलेखावर उभा होता.

फोन बंद झाला.

"मॅडम, मी ट्रस्टला सांगते," दीक्षा म्हणाली. "चूक माझी आहे."

"आणि माझी," समर्थ म्हणाला. या वेळी त्याने विनोद केला नाही.

"सही कुणाची आहे?" मॅडम म्हणाल्या. "मग फोन कोण करणार? तुम्ही दोघं उद्याचे बाण नीट चिकटवा. मुलं जिन्यातून खाली पडायला नकोत." दाराशी जाऊन त्या थांबल्या. "दीक्षा, तुझ्या आईला मात्र तूच सांग. ते माझ्या सहीत येत नाही."

दीक्षाने फोन हातात घेतला. नंबर काढला. ठेवला. पुन्हा काढला. पुन्हा ठेवला. शेवटी ती ओढणीवरचा चहाचा डाग धुवायला निघून गेली आणि परत आलीच नाही.

एवढाच?

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. केवढा गोंगाट! टेबलावर दोन हेडफोन होते. एकात मी, एकात माझा जुळा. तुम्ही मला ऐकून म्हणालात, "एवढाच?" आणि त्याला ऐकून दचकलात. त्यातलं पहिलं मघाशी सांगितलंच.

तुमच्या रांगेच्या शेवटी एक बाई उभ्या होत्या, हे तुमच्या लक्षात आलं का? पांढरा गणवेश, त्यावर घाईने घातलेला स्वेटर. त्या हिरा सिस्टर. त्यांना सकाळी दवाखान्यात कळलं होतं की सळया बांधणारी माणसं परत गेली. कुणामुळे, तेही कळलं होतं. मुलीने आपल्याला आधी सांगितलं नाही, हेही.

त्यांनी रांग मोडली नाही. तुम्ही सगळे पुढे गेल्यावर टेबलापाशी आल्या.

"आई, मी फोन करणार होते..."

"ऐकव."

दीक्षाने मला ऐकवलं. मग त्याला. हिरा सिस्टर दचकल्या नाहीत, पण टेबलाची कड त्यांनी हाताने धरली.

"यातला खरा कुठला?"

"माहीत नाही, आई. मोठा जास्त बरोबर असावा. पण खरा भूकंप झाल्याशिवाय खात्रीने नाही सांगता येत."

"म्हणजे तुला माहीत नाही." हिरा सिस्टरांचा आवाज वाढला नाही, उलट खाली गेला. "व्हरांड्यात बायका झोपल्यात माझ्या. त्यांना काय सांगू? माझी पोर शिकली शिकली आणि आता म्हणते माहीत नाही?"

"हो. तसंच सांग."

"आणि ते मुठीएवढं बाळ? पुढचं आलं, की कुठे पाठवू?"

दीक्षाचे डोळे भरले. तिला रडायचं नव्हतं, पलीकडे तुम्ही सगळे होतात. "आई, या मोठ्याने खालचे खांब वाकतात. वरती पेट्या असतील. पेटीत बाळ असेल. पेटीतून बाळ काढायला किती वेळ लागतो तुला?"

हिरा सिस्टरांनी हेडफोन काढला. त्याची वायर बोटांभोवती वेटोळं करून नीट गुंडाळली, जशी दवाखान्यात यंत्रांची गुंडाळत असतील.

"वायर अशी लोंबकळत ठेवू नये," त्या म्हणाल्या. "आतून तुटते. वरून कळत नाही."

आणि ड्युटीवर निघून गेल्या.

पुढचे कित्येक दिवस दुपारचा फोन आला नाही. दीक्षा डबा माझ्याशेजारी उघडायची, फोन स्पीकरवर असल्यासारखा मध्ये ठेवायची आणि गप्प जेवायची. तुम्ही मला भित्रा म्हणाल, पण त्या शांततेची मला भूकंपापेक्षा जास्त भीती वाटली.

उपेक्षा

दीक्षाने लहान ठोकळे केले, वर मऊ भराव घातला आणि नवा भूकंप घडवला. ज्या दिवशी तो जन्मला, त्या दिवशी तिने माझ्या नावामागे एक शब्द जोडला: जुना. म्हणून मी सुरुवातीलाच तसं सांगितलं. वय फार नाही माझं.

नव्याची आणि जुळ्याची तुलना झाली, या वेळी मूळच्या फायलींवरून, आणि सरासरीबरोबर प्रत्येक विषयाचे गुण वेगळे वाचून. सहाच्या थोडं वर.

"प्रामाणिक सहा आहेत," मॅडम म्हणाल्या. "पेढे नकोत. चहा सांगा."

मोठ्या धक्क्यावर हिशेब पुन्हा झाला. मजला थांबला. आधी खांबांना बाहेरून सळया आणि काँक्रीटचं जाड कवच चढवायचं ठरलं. औषधांचं दुकान हललं, दुचाक्या रस्त्यावर आल्या आणि पेठेतल्या लोकांनी ट्रस्टच्या नावाने बोटं मोडली. शेवटी कुणीतरी तिथे पाटी लावली: "येथे वाहने लावू नयेत. खांब आजारी आहेत. भेटीची वेळ नाही." तिचा फोटो दीक्षाच्या फोनवर आला. पाठवणाऱ्याचं नाव होतं: आई. खाली मजकूर काहीच नव्हता. दीक्षा तो फोटो बराच वेळ बघत बसली, आणि मग हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

विनंती

आता शेवटचा मुद्दा. इतर जुन्या वस्तू या जागी म्हणतात, आम्हाला अडगळीत टाकू नका, पुन्हा वापरा. मी छत्री असतो, कंदील असतो, तर मीही तेच म्हटलं असतं. पण मी भूकंप आहे. माझी उमेद वेगळी असायला हवी.

मला टाकू नका, एवढं खरं. चुकलेल्याला जपून ठेवावं, म्हणजे पुढच्याला त्याच्याशी ताडून बघता येतं. पण मला ताणू नका. दोन गोष्टी सारख्या दिसाव्यात असं फार वाटू लागलं, की हात आपोआप ताणायला जातो. तुमचाही जाईल. त्या वेळी थांबून मूळची फाइल उघडा. आणि कुणी आठ पूर्णांक दोन सांगितले, तर विचारा, कुठल्या विषयात किती?

माझी धास्ती काही गेलेली नाही. खांबांना कवच चढतं आहे, पण अजून सगळ्यांना चढलेलं नाही. मी रोज मोजतो.

प्रसूतिगृहाच्या तळाला, खांबांच्या मध्ये, आता एक छोटं यंत्र जमिनीला बोल्टने घट्ट बसवलं आहे. खरी जमीन कशी हलते ते ते लिहितं. समर्थने त्याला आमच्याशी जोडून दिलंय. रोज सकाळी त्याचा प्रोग्रॅम खऱ्या जमिनीची रेघ घेतो आणि मला, माझ्या जुळ्याला, नव्याला तिच्याशी ताडतो. न ताणता. ताणली असती, तर रस्त्यावरून गेलेला टेंपोसुद्धा भूकंप दिसला असता. मध्यंतरी गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोलाचा सराव चालू होता, तेव्हा ती रेघ जरा दातेरी झाली. मी जागच्या जागी गोठलो. समर्थ म्हणाला, "ताल चांगला आहे पोरांचा, पण उंची नाही."

बाकी रोज ती सपाट असते.

आज सकाळीही गुणपत्रक निघालं. माझं आणि खऱ्या जमिनीचं. उंची शून्य, ताकद शून्य, सरासरी शून्य. दीक्षाने ते वाचलं, फोन स्पीकरवर टाकून माझ्या शेजारी ठेवला.

"आई, आजही नापास."

"बरं झालं," पलीकडून हिरा सिस्टर म्हणाल्या. त्यांच्यामागे पळापळ ऐकू येत होती, खाट सरकवल्याचा आवाज, कुणाचं तरी कण्हणं. "ठेव आता. इथे कळा सुरू झाल्यात."